किटली टेकवायची नाही

पन्हाळा सायकल मंडळाची स्थापना होऊन चार वर्षं झाली होती आणि मंडळ अजून एकदाही पन्हाळ्याला पोचलं नव्हतं. सभासदांना यात वावगं काही वाटत नसे. नावाप्रमाणं वागायचं म्हटलं तर निम्म्या कोल्हापूरला पुन्हा बारशाला बसावं लागेल, असं अध्यक्ष बाळासो चौगुले म्हणत.

वाटायचं ते मंडळाच्या चिटणीस यशोधरा कांबळे यांना. बाई एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. आकृती एका अवयवाची आणि खाली नाव दुसऱ्याचं, असं दिसलं की त्यांचा लाल पेनाचा हात आपोआप उचलला जाई. आणि दर रविवारी सकाळी त्या स्वतःच अशा एका आकृतीत सायकल घेऊन सामील होत होत्या.

दर रविवारी गंगावेशीतून नऊ सायकली निघत. पन्हाळा तिथून वीसेक किलोमीटर. नकाशात हे अंतर स्पष्ट दिसतं. मंडळाच्या अनुभवानं मात्र ते मोजण्यापलीकडचं ठरलं होतं, कारण वाटेत माणसं राहत होती, आणि त्यातली बरीचशी मंडळातल्या कुणाची ना कुणाची पाहुणी होती. बाळासो दूध संघात सुपरवायझर. शिवाय चार आत्या, पाच बहिणी. केरबा सुताराचं सायकलचं दुकान होतं आणि आजोळ अडनिड्या जागी होतं, म्हणजे बरोबर वाटेवर. कृष्णात वीज मंडळात लाइनमन. ज्याच्या घरात उजेड आहे तो कृष्णातला ओळखतो. आणि कोल्हापूरकडं पाहुण्यानं दारावरून चहा न घेता पुढं जाणं, याला घाई म्हणत नाहीत, भांडण म्हणतात.

त्यामुळं व्हायचं असं, की पहिल्या गावात चहा, दुसऱ्यात पोहे, तिसऱ्यात 'कोंबडं कापलंय, आता कसं जाताय' आणि चौथं गाव यायचंच नाही. मंडळाची आजवरची सर्वांत मोठी मजल केर्लीपर्यंतची. तिथून गड दिसतो. तो सगळ्यांनी जेवणाच्या पंगतीतून पाहिला आणि ऊस उतरवून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरमधून, सायकलींसकट झोपून, मंडळ घरी आलं.

तर दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर केरबाच्या दुकानात वार्षिक सभा भरली आणि बाळासोंनी ठराव मांडला. त्यांचं म्हणणं मुद्देसूद होतं. मंडळ फिरायला जातं, पाहुण्यांना भेटतं, खातं, समाधानानं परत येतं. या सगळ्यात अडचण कसली, तर सायकलीची. खाऊन झाल्यावर ती चालवावी लागते. तेव्हा सायकल काढून टाकावी आणि पुढच्या रविवारपासून जीप करावी. केरबा सायकल दुकानदार, तरी त्यानंही मान डोलावली. धंदा वेगळा आणि गुडघे वेगळे, असं तो म्हणाला.

यशोधराबाई उठून उभ्या राहिल्या. त्या सभेत कधी बोलत नसत, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. ते असं होतं. सेहेचाळीस वर्षांची बाई एकटी सायकलवरून गावाबाहेर दिसली, की जिल्हा मदतीला धावतो. गाडी बंद पडली काय, घरात कोण आजारी हाय काय, यष्टी चुकली काय, असं विचारत माणसं मागं लागतात. एकदा कळंब्याच्या पुढं एका सद्गृहस्थानं त्यांना सायकलसकट टेम्पोत घालून घरी पोचवलं होतं आणि त्यांच्या यजमानांना बाजूला घेऊन, भांडण असेल तर मिटवा, असा सल्ला दिला होता. मंडळाबरोबर असलं की कुणी काही विचारत नसे. नऊ सायकलींतली एक, एवढंच. वारं, चढ, उसाचा वास आणि घंटी वाजवण्याचा अधिकार, हे सगळं बाईंना आठवड्यातून एकदा मिळत होतं. जीप आली की ते जाणार होतं. आणि जीपमध्ये त्यांना मागं, गाडी लागणाऱ्या माणसाशेजारी जागा मिळणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

बाईंनी एक रविवार मागितला.

"दिला," बाळासो मोठ्या मनानं म्हणाले. "पोचलो गडावर, तर सायकल ऱ्हाईल. न्हाय पोचलो, तर जीप. आन् मग कुणी त्वांड वाकडं करायचं न्हाय."

बातमी गल्लीत पसरली. कोल्हापुरात सल्ला मागावा लागत नाही, पाण्यासारखा तो सकाळी आपोआप येतो, फक्त पाण्याहून जास्त दाबानं. शेजारच्या लोखंडे काकूंनी सुचवलं की पहाटे चारला निघावं, गावं झोपलेली असतात. काकूंचं सगळं आयुष्य पेठेत गेलं होतं; पहाटे चारला गावात धारा काढायला सगळे जागे असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका निवृत्त सर्कल ऑफिसरांनी सांगितलं, अर्ज करून पोलीस बंदोबस्त मागा. समोरच्या किराणा दुकानदाराचं मत पडलं की सगळ्यांनी हेल्मेट घालावीत, म्हणजे पाहुण्यांना ओळख पटणार नाही. बाईंचे यजमान आकाराम एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांना विचारलं तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जीप वाईट नसती."

बाईंनी मग शास्त्रीय पद्धत अवलंबिली. शाळेतला जुना जिल्ह्याचा नकाशा त्यांनी घरी भिंतीवर लावला, एकेका सभासदाला बोलावलं आणि त्याचे पाहुणे कुठंकुठं आहेत ते विचारून त्या गावावर आपल्या कपाळाची एक टिकली चिकटवली. बाळासोंनाच एक पाकीट पुरलं नाही. दोन संध्याकाळी गेल्या, दोनदा चहाचं आधण वाढवावं लागलं, आणि नकाशाला गोवर आला. पण शेवटी बाईंना वाट सापडली. पंचगंगेचा पूल ओलांडून हमरस्ता सोडायचा, आतल्या रस्त्यानं लांबचा वळसा घ्यायचा आणि गडाच्या पायथ्याला माळवाडीत निघायचं. या वाटेवर आठही सभासदांपैकी कुणाचा एकही पाहुणा नव्हता. अशी वाट करवीर आणि पन्हाळा तालुक्यात असू शकते यावर बाळासोंचा विश्वास बसेना. आपल्या घराण्याचा अपमान झाल्यासारखे ते बराच वेळ नकाशापुढं उभे राहिले.

रविवारी सहाला नऊ सायकली निघाल्या. धुकं होतं, रस्ता रिकामा होता, गुऱ्हाळांचा धूर अजून जमिनीलगतच होता. पहिलं गाव आलं आणि गेलं. कुणी हाक मारली नाही. सभासद एकमेकांकडं बघू लागले. कृष्णात म्हणाला की परदेशात आल्यासारखं वाटतंय. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा एखादं प्रमेय चाकांवर बसून सिद्ध होताना दिसत होतं.

दुसऱ्या गावात नळाजवळ एक बाई कळशी घेऊन उभी होती. तिनं कळशी खाली ठेवली, रस्त्याच्या मधोमध आली आणि दोन्ही हात पसरले.

"वयनी? जय भीम. आन् ह्या गावात येऊन दारावरनं पुढं?"

ती बायडाबाई होती. आकारामांच्या चुलत्यांची मुलगी; या गावात दिलेली. आठ सभासदांचे पाहुणे टिकल्यांनी मोजताना मोजणाऱ्या बाईंनी स्वतःला मोजलं नव्हतं. प्रयोग करणारा प्रयोगाच्या बाहेर असतो, अशी त्यांची समजूत होती. (आकारामांना रात्री याचा जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "मला कुणी विचारलं?" आणि ते खरं होतं.)

सगळ्या मंडळाच्या देखत चिटणिसांना चिटणिसांच्याच नणंदेनं पकडलं. बाळासोंनी कसलाच शेरा मारला नाही. त्यांनी नुसती सायकल स्टँडवर लावली, अंगणात मांडी घातली आणि सांगितलं की पोह्यांवर शेंगदाणे जरा जास्त असू द्यात. याहून मोठा शेरा बाईंनी कधी ऐकला नव्हता.

पोहे झाले, दूध झालं. निघणार तोवर गल्लीच्या टोकाला दूध संस्थेचे चेअरमन हजर. सुपरवायझरसाहेब गावात येऊन बायडाबाईच्यात खातात आणि संस्थेत येत नाहीत, तर संस्थेनं काय समजायचं, असं त्यांनी विचारलं. संस्थेनं काहीही समजू नये म्हणून तिथं शिरा खाल्ला. तिथून सुटल्यावर सायकली पूर्वीच्याच होत्या, पण त्यांवरची माणसं वजनानं आणि विचारानं बदललेली होती. चढावर अधूनमधून कुणीतरी 'जीप' एवढंच म्हणे.

तरीही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं, की मंडळ माळवाडीपर्यंत गेलं. तिथं गड डोक्यावर आला आणि केरबाची सायकल पंक्चर झाली. केरबा सायकल दुकानदार; साहजिकच त्याच्याकडं पंक्चरचं सामान नव्हतं. डॉक्टर स्वतःच्या खिशात इंजेक्शन घेऊन हिंडतो काय, असं तो रागानं म्हणाला. कृष्णात ट्यूब घेऊन गावात गेला आणि बाकीचे सावलीसाठी एका गोठ्याच्या कडेला बसले.

गोठा धोंडुबाईंचा होता. धोंडुबाई कुणाच्याही पाहुण्या नव्हत्या. बाईंनी ही गोष्ट मनात दोनदा तपासली. पण धोंडुबाईंना तशी काही गरज वाटली नाही. दारात पावणं बसलंय, एवढं त्यांना पुरेसं होतं. कृष्णात पंक्चर काढून परत येईपर्यंत भाकरी, झुणका, दही आणि खर्डा समोर आला, आणि परत आल्यावर त्यालाही बसवलं. म्हणजे टिकल्या वाया गेल्या होत्या. नातं हे कारण नव्हतंच. बाईंनी चुकीची राशी मोजली होती.

जेवण झाल्यावर मंडळ आंब्याखाली आडवं झालं. बाळासोंनी डोळ्यांवर टोपी ओढली आणि जीपवाला आपल्या ओळखीचा आहे, मोबाइलला रेंज आली की त्याला इथंच बोलवू, असं हळू आवाजात सांगितलं. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, नुसतं दही होतं.

यशोधराबाई एकट्या जोत्यावर बसून राहिल्या. समोर घाटाचा रस्ता उन्हात वळत वर गेलेला दिसत होता. धोंडुबाई ताटं उचलता उचलता थांबल्या.

"वर कुणाकडं निघालाईसा?"

"कुणाकडं नाही, मावशी. नुसतंच."

"नुसतंच?" धोंडुबाईंनी रस्त्याकडं पाहिलं, झोपलेल्या माणसांकडं पाहिलं. "वर आपलं कोण न्हाय, आन् एवढा चढ? मग कशाला मराय जाताय, बाई?"

हे दयेनं विचारलेलं होतं, म्हणून जास्त लागलं. बाईंनी पुन्हा चढाकडं पाहिलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की गेली चार वर्षं मंडळाला अडवणारं जे बळ होतं, ते नेहमी वाटेत होतं. गडावर कधीच नव्हतं. ही माणसं दमत नव्हती, आळशीही नव्हती. लग्नाच्या अक्षता द्यायला बाळासो एका दिवसात आजऱ्यापर्यंत हिंडून आले होते. फक्त, जिथं आपली कुणी वाट बघत नाही तिथं जायचं त्यांना कारण सापडत नव्हतं.

"मावशी, तुमचं कुणी आहे काय वर?"

होतं. धाकटी बहीण, बाळाबाई, गडावरच दिलेली. धोंडुबाईंचे गुडघे गेल्यापासून वर जाणं बंद पडलं होतं. आणि जीवाला लागून राहिलेली गोष्ट अशी, की परवा म्हैस व्याली होती. दर वेळी खरवसाचा पहिला चीक बहिणीला जायचा. यंदा नेणारं कुणी नव्हतं; लेक इचलकरंजीला, सून माहेरी. चीक किटलीत भरून, मडक्याच्या गारव्याला ठेवून दोन दिवस झाले होते, आणि आज गेला नाही तर फुकट.

बाईंनी एकेक माणूस हलवून उठवला. भाषण त्यांनी केलं नाही. धोंडुबाईंच्या देखत त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, यांच्यानं काही तुमच्या बहिणीला चीक पोचवणं व्हायचं नाही. ही माणसं दमलीत. राग मानू नका."

बाळासोंची टोपी डोळ्यांवरून हळूहळू वर गेली. तीस वर्षं दुधात काढलेला माणूस. त्याच्यासमोर म्हशीचा चीक वाया जाणार, आणि तोही बहिणीचा.

"कोण म्हणतंय व्हायचं न्हाय?"

"मीच म्हणतेय."

"किटली कुठं हाय मावशी?"

किटलीचं झाकण फडक्यानं बांधलं गेलं, वर लिंबाचा डहाळा खोचला गेला, आणि धोंडुबाईंनी बजावलं की वाटेत खाली टेकवायची नाही. चीक असा मधेच टेकवत नसतात, म्हशीचं दूध आटतं. केरबानं विचारलं, सायकल स्टँडवर लावली आणि किटली हँडलला असली, तर चालेल का? म्हणजे वाटेत चहाला वगैरे. सगळ्यांनी सवयीनं यशोधराबाईंकडं पाहिलं, कारण प्रश्न विज्ञानाचा होता.

बाईंनी वीस वर्षांच्या नोकरीत वर्गात खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी गडाकडं एकदा पाहिलं.

"स्टँड लोखंडाचा," त्या म्हणाल्या. "लोखंड जमिनीला टेकलं म्हणजे किटली टेकली."

"अर्थिंग," कृष्णात वीज मंडळाच्या अधिकारानं म्हणाला. "बरोबर हाय. चाकाला रबर हाय, त्ये चालतंय. स्टँड लावला की संपलं. उतरून चालायचं तर पायात चप्पल पायजे."

अशा रीतीनं पन्हाळ्याचा घाट न थांबता चढायचा हे शास्त्रानं सिद्ध झालं. बाईंच्या मनाला थोडी टोचणी लागली. सोमवारी वर्गात विद्युतवाहकता दुप्पट काळजीनं शिकवून ती फेडायची, असं त्यांनी ठरवलं आणि पायडल मारलं.

पुढचं जे घडलं त्याबद्दल आजही मंडळात दोन मतं नाहीत. किटली आधी बाळासोंच्या हँडलला होती. पहिल्याच वळणावर एका घरातून हाक आली, या की पावणं, च्या घ्या. चार वर्षांत अशा हाकेला मंडळाकडं उत्तर नव्हतं. आता बाळासोंनी मान न वळवता सांगितलं, "चीक हाय, टेकवायचा न्हाय." आणि घरातला माणूस दारातून मागं सरला, त्यानं रस्त्यात आडवी बांधलेली शेळी ओढून घेतली आणि वाट मोकळी करून दिली. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढं एक म्हातारा नुसता हात जोडून उभा राहिला. ज्या पाहुणचारानं मंडळाला आजवर पाडलं होतं, तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अदबीनं उभा होता.

सगळा घाट सायकलवर बसून चढला असं म्हणणं सत्याला धरून होणार नाही. नऊ बिनगियरच्या सायकली, पोहे, शिरा, झुणका आणि भाकरी, यांची बेरीज पायडलवर एका मर्यादेपर्यंतच चालते. उभ्या चढाला माणसं उतरली. पण थांबलं कुणी नाही. किटली एका हातातून दुसऱ्या हातात जाई, चप्पल बघून. धाप लागल्यानं कुणाला बोलता येत नव्हतं, त्यामुळं मंडळाच्या इतिहासात प्रथमच जीप हा शब्द अर्धा तास ऐकू आला नाही. वरून उतरणाऱ्या सहलीच्या गाड्यांतून लोक काचा खाली करून बघत होते. एका गाडीनं विचारलं, शर्यत आहे का. "चीक हाय," केरबा म्हणाला. पुण्याची गाडी होती, ती विचारात पडून निघून गेली.

शेवटच्या वळणांना बाळासोंचा चेहरा बिटासारखा झाला. त्यांनी किटली पुढं केली आणि ती यशोधराबाईंकडं आली. बाई सायकलवर चढल्या. वजन अंगात नव्हतं, शिरा त्यांनी चाखण्यापुरताच घेतला होता, आणि पुढं उरलेला चढ पायांना झेपेल असा होता. मागून आठ घंट्या वाजू लागल्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

नाक्यावर पावती फाडणाऱ्यानं हात केला. त्याच्याकडच्या दरात मोटार होती, जीप होती, बस होती. सायकल नव्हती, आणि जे दरात नाही ते आत सोडावं की अडवावं, हे साहेबांना विचारावं लागेल, जरा थांबा. बाई त्याच्याभोवती गोल फिरू लागल्या. मागून येणारा प्रत्येक जण त्यांच्यामागं गोल फिरू लागला. तो माणूस मधोमध उभा राहून विचारू लागला की हे काय चाललंय. त्याला कारण सांगण्यात आलं. तो गडावरचाच होता.

"कुणाचा चीक?"

"बाळाबाईंच्या बहिणीनं दिलाय," बाई फिरत फिरत म्हणाल्या.

"मग फिरताय काय? जावा की!"

आणि पन्हाळा सायकल मंडळ पन्हाळ्यात शिरलं. नऊच्या नऊ, सायकलवर बसून, एका ओळीत.

बाळाबाई अंगणात घेवडा निसत बसल्या होत्या. बाईंनी उतरून किटली थेट त्यांच्या हातात दिली. म्हातारीनं ती ओळखली, छातीशी धरली, डहाळा बाजूला केला आणि फडक्याची गाठ सोडली. मग विचारलं, "गुडघं कसं हाईत तिचं?" बाळासोंनी सविस्तर सांगितलं. सकाळपर्यंत धोंडुबाईंचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं, पण आता गुडघ्यांची एकूण एक माहिती होती.

खरवस झाला. तो खाताना तटावरून खालची सगळी वाट दिसत होती, दुपारच्या उन्हात पांढरी. सभासद आळीपाळीनं उठून ती बघून येत होते. केरबानं दोनदा विचारलं की हे आपणच आलो काय, आणि दोन्ही वेळा त्याला, व्हय, असं सांगण्यात आलं. ठरावाचं नाव कुणी काढलं नाही.

निघताना बाळाबाईंनी किटली धुऊन आणली, पुसली आणि तिच्यात दाबून दाबून घेवड्याच्या शेंगा भरल्या. बहिणीचं भांडं रिकामं धाडायचं नसतं.

बाळासो सायकल धरून उभे होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते काहीतरी जुळवत होते.

"बाई, ह्या शेंगा आता खाली मावशीला द्यायच्या."

"हो."

"किटली मोकळी झाली की मावशी ती आपल्या हातात रिकामी देणार न्हाय. काय तर भरणार."

"भरणारच."

"आन् त्ये वर बाळाबाईंस्नी पोचवाय लागणार."

"लागणार."

"ह्या तर काय, पुन्हा भरून देणार."

बाईंनी किटली हँडलला अडकवली आणि दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. उतार लांब होता.

बाळासोंनी टोपी सारखी केली आणि मंडळाकडं वळून अध्यक्षांच्या आवाजात सांगितलं, "पुढच्या रविवारी सहाला निघून भागायचं न्हाय. साडेपाचला गंगावेशीत. आन् ज्याला उशीर हुईल, त्यानं आपलं जीपनं यावं."